लाकूड कातण्याचे हलके लेथ यंत्र : निवड कशी करावी?

वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी वसलेले पवनार हे श्रमनिष्ठेच्या विचाराचे एक महत्त्वाचे केंद्र मानले जाते. आचार्य विनोबा भावे १९३८ मध्ये येथे वास्तव्यास आले आणि १९५९ मध्ये येथील ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. त्यापूर्वी, १९३४ मध्ये, अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य वर्धा येथून सुरू झाले होते. अवजार कारागिराच्या आवाक्यातले असावे आणि ते त्याच्या घरी चालावे, हा आग्रह या परिसरात अनेक वर्षे धरला गेला. लाकूड कातण्याच्या लहान यंत्राची निवड करतानाही हीच कसोटी उपयोगी पडते.

दोरीपासून मोटारीपर्यंत

कातकाम हा महाराष्ट्रातील जुना व्यवसाय आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी सर्वपरिचित आहेत. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते व लाकडावर तिचा चकचकीत थर बसतो. पूर्वी एकाने दोरी ओढून लाकूड फिरवावयाचे आणि दुसऱ्याने हत्यार धरावयाचे, अशी रीत होती. त्यात लाकूड आलटून पालटून उलटसुलट फिरत असल्याने निम्मा वेळ हत्यार थांबवून धरावे लागे. विजेच्या मोटारीने लाकूड एकाच दिशेने सलग फिरते आणि एकट्या माणसाला काम करता येते. मोटारीचा खरा लाभ हाच होय.

आधी वस्तू, मग यंत्र

खरेदीपूर्वी कोणत्या वस्तू करावयाच्या याची यादी मापांसह तयार करावी. यंत्राची दोन मापे मुख्य असतात. दोन टोकांमधील अंतरावरून जास्तीत जास्त किती लांबीचे लाकूड बसेल ते कळते. केंद्राची बेडपासूनची उंची दुप्पट केली की व्यासाची मर्यादा मिळते. केंद्र १२.५ सें.मी. उंच असेल, तर सुमारे २५ सें.मी. व्यासापर्यंतचे लाकूड फिरू शकते. हत्यार टेकविण्याच्या आधारावरून जाणाऱ्या लाकडास मात्र यापेक्षा कमी जागा मिळते.

दोन टोकांत सुमारे ४० सें.मी. अंतर असलेल्या यंत्रावर लाटणे, रवी, भोवरा, खुळखुळा, पटाशीची मूठ या वस्तू सहज होतात. पलंगाचा लांब खूर मात्र त्यावर बसणार नाही. खूर करावयाचे असतील तर लांब बेडचे यंत्र घ्यावे. केवळ भोवरे करणाऱ्याने लांबीसाठी जादा पैसे मोजू नयेत.

वजन, शक्ती आणि वेग

उचलून नेता यावे म्हणून यंत्र हलके हवे. पण फार हलके यंत्र थरथरते, काप खडबडीत येतो आणि हत्यार अडकण्याचा धोका वाढतो. ओतीव लोखंडी बेड असलेले, दोन माणसांना उचलता येईल असे यंत्र घेऊन ते जड टेबलास बोल्टांनी पक्के करणे, हा मध्यम मार्ग आहे. टेबलाच्या खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवल्यास थरथर आणखी कमी होते.

वर सांगितलेल्या कामांस साधारणतः अर्ध्या अश्वशक्तीची मोटार पुरते. वेग बदलण्याची सोय मात्र अत्यावश्यक आहे. लाकूड जितके जाड, तितका वेग कमी, हा नियम आहे. व्यास सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यास मिनिटातील फेऱ्यांनी गुणले असता गुणाकार साधारण १५,००० ते २३,००० असावा. म्हणजे १० सें.मी. व्यासास सुमारे १,५०० ते २,३०० फेरे. ओबडधोबड लाकूड प्रथम याहून बरेच सावकाश फिरवावे.

टोकांचे शंकू व चकचे आटे प्रचलित मापाचे आहेत काय, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. अनोख्या मापाचा एक सुटा भाग मिळाला नाही, तरी संपूर्ण यंत्र कोपऱ्यात पडून राहते.

किमतीपलीकडचा खर्च

सर्व पैसे यंत्रावर खर्च करणे ही नेहमीची चूक आहे. गोल मुखाची, तिरपी व काप घेणारी पटाशी, धार लावण्याचे साधन, चक आणि चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल यांसाठी रक्कम राखून ठेवावी. बोथट हत्याराने महागडे यंत्रही चांगले काम देत नाही. वीजजोडणीस अर्थिंग असावे. सैल बाह्या, उपरणे, ओढणी व हातमोजे घालून यंत्राजवळ जाऊ नये. शाळेतील कार्यशाळेत शिक्षकांनी या बाबतीत कोणतीही सवलत देऊ नये.

ग्रामपंचायतीचे सहकार्य

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार आणि बाहुल्या व खेळणी बनविणारे यांचा समावेश आहे. योजनेत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, तसेच पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाचे कर्ज अशी तरतूद आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत स्तरावर होते. त्या वेळी सदस्यांनी अर्जदारास तीन प्रश्न विचारावेत : कोणत्या वस्तू करणार? त्या कोणत्या बाजारात विकणार? यंत्र बिघडल्यास दुरुस्ती कोठे होईल?

यंत्र चुकले तरी कर्जाचे हप्ते चुकत नाहीत. ते कारागिरालाच फेडावे लागतात. म्हणून शक्य असेल तेथे चालू यंत्रावर स्वतः एक लाटणे कातून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत. अशा रीतीने निवडलेले साधे यंत्र सुताराच्या पडवीत रोज फिरेल, आणि त्याच्या घरात नियमित मिळकत आणील.