सातबारा हरवला, शेत जागेवर आहे

आम्हां चळवळीतल्या माणसांचे सारे दप्तर, म्हणजे सभासदांची नोंदवही, वर्गणीच्या पावत्या, थकलेल्या मजुरीचे अर्ज, आज लॅपटॉपात असते. जिनिंगवर राबणारा मजूर पाच वर्षांचा हिशेब मागतो, तेव्हा त्याचा तोच पुरावा. लिनक्सची नवी आवृत्ती चढत असता वीज जावी, बॅटरी संपावी, आणि मग पडद्यावर 'ड्राइव्ह सापडत नाही' असे उमटावे, हे सुलतानपुरात काय अन् मुंबईत काय, कोठेही घडते. पुष्कळ जण "सर्व बुडाले" म्हणून ड्राइव्ह फॉरमॅट करून टाकतात. खरा घात तेथे होतो.

वस्तुतः सातबारा हरवला म्हणून शेत वाहून जात नाही. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 1991 साली लिहायला घेतलेला कर्नेल हा लिनक्सचा गाभा. ड्राइव्ह उघडण्याची साधने त्याला 'इनिटरॅमएफएस' नावाच्या लहानशा गाठोड्यातून मिळतात. चढाई अर्धवट राहिली की नवा कर्नेल बसतो, पण गाठोडे अपुरे राहते. गडी नवा आला, कोठाराची किल्ली मिळाली नाही; एवढाच प्रकार. कधी 'एफएसटॅब' यादीतील ड्राइव्हची खूण प्रत्यक्षाशी जुळत नाही, तरीही तेच घडते.

मग करावे काय? प्रथम बायोसमध्ये ड्राइव्हचे नाव दिसते का, ते पाहावे. तेथेही नसेल, तर दोष जोडणीत, बायोसच्या मांडणीत किंवा खुद्द ड्राइव्हमध्ये असतो. तो खटखट वाजत असेल, तर यंत्र तात्काळ बंद करावे. नाव दिसत असेल, तर सुरुवातीच्या ग्रब यादीतून जुना कर्नेल निवडावा. पुष्कळदा काम तेथेच भागते.

न भागल्यास दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून यंत्र सुरू करावे. 'इन्स्टॉल' नव्हे, 'ट्राय' निवडावे. 'एलएसबीएलके -एफ' या आज्ञेने सारे विभाग व त्यांच्या खुणा दिसतात. विभाग केवळ वाचण्यापुरता उघडून दप्तर आधी बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवावे. दुरुस्ती त्यानंतर.

डेबियन-उबुंटू घराण्यात 'सीएचरूट' करून जुन्या प्रणालीत शिरावे. 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ने अर्धवट काम पुरे करावे, 'अपडेट-इनिटरॅमएफएस' ने गाठोडे पुन्हा बांधावे, 'अपडेट-ग्रब' ने यादी नवी करावी. विभागच दिसत नसतील, तर 'डीडीरेस्क्यू' ने संपूर्ण प्रतिमा दुसऱ्या ड्राइव्हवर घ्यावी आणि 'टेस्टडिस्क' त्या प्रतिमेवर चालवावे. मूळ ड्राइव्हवर एक अक्षरही लिहू नये. एसएसडी फॉरमॅट झाला, तर मजकूर बहुधा परत मिळत नाही, हे विशेष ध्यानी घ्यावे.

ही सारी साधने मुक्त आहेत. त्यांना परवान्याचे पैसे पडत नाहीत. तेव्हा प्रत्येक शाखेत निदान दोघांनी ती शिकून घ्यावीत, आणि दप्तराची एक प्रत नेहमी दुसऱ्या गावी ठेवावी. मजुराच्या घामाचा हिशेब एकाच यंत्राच्या भरवशावर सोडण्याचा अधिकार आपणांस नाही.