पाण्यावरच्या रेघा

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याला लागून असलेलं ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यान सुमारे ३,४४,४०० चौरस किलोमीटरचं आहे. अख्खा महाराष्ट्र त्यात मावेल आणि वर जागा उरेल. एवढ्या पाण्याला ना कुंपण, ना फाटक. तरी मासे कुठे धरायचे, कुठे नुसतं पोहायचं आणि कुठे फिरकायचंच नाही, हे ठरलेलं आहे आणि बऱ्याच अंशी पाळलंही जातं.

उद्यानाचा कायदा १९७५ चा. कारभार पाहणारं प्राधिकरण केंद्र सरकारचं, टाउन्सव्हिल शहरात. पण बेटं बहुतेक क्वीन्सलँड राज्याच्या मालकीची. त्यामुळे गस्त, नांगर टाकण्यासाठीचे बोये, पर्यटकांची शिस्त ही रोजची कामं केंद्र आणि राज्य मिळून करतात.

सगळा समुद्र रंगांत वाटलेला आहे. फिक्या निळ्या पट्ट्यात ट्रॉलरसुद्धा चालतो. गडद निळ्यात तळ खरवडणारी जाळी बंद, गळ चालतो. पिवळ्यात हौशी मासेमाऱ्याला माणशी एक दोरी आणि एक गरी, एवढीच मुभा. हिरव्या पट्ट्यात होडी न्या, बुडी मारा, फोटो काढा. मासा मात्र धरायचा नाही. गुलाबी पट्ट्यात परवानगीशिवाय शिरायचंच नाही, पण तो अगदीच थोडा. खरं भांडण होतं ते हिरव्यावरून.

२००४ पूर्वी हिरवा पट्टा पाच टक्क्यांहूनही कमी होता, आणि त्यातला बराचसा भाग अशा दूरच्या पाण्यात, जिथे तसंही फारसं कुणी जात नसे. संरक्षण द्यायचं ते कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा जागी, ही युक्ती सगळ्याच देशांतल्या सरकारांना ठाऊक आहे. शास्त्रज्ञांनी ती मोडून काढली. त्यांनी समुद्राच्या तळाचे ७० प्रकार पाडले. त्यांतले ३० प्रवाळांचे होते, बाकीचे ४० चिखलाचे, वाळूचे, सागरी गवताचे. प्रत्येक प्रकाराचा किमान २० टक्के भाग हिरव्यात यायलाच हवा, हा नियम केला. हिरवा तुकडा शक्यतो २० किलोमीटरपेक्षा अरुंद नको आणि एखादी प्रवाळभिंत घ्यायची तर सगळी घ्यायची, अशा आणखी अटी होत्या. संगणकाने या अटींत बसणाऱ्या जोडण्या सुचवल्या आणि मग नकाशे लोकांपुढे ठेवले. ३१ हजारांहून जास्त निवेदनं आली. आमची परंपरागत जागा सोडा आणि पलीकडची घ्या, अशी मागणी करणारेही त्यांत होते. जिथे शास्त्राची अट मोडत नव्हती तिथे रेघा हलवल्या गेल्या. १ जुलै २००४ ला नवा नकाशा लागू झाला तेव्हा उद्यानाचा एक तृतीयांश भाग हिरवा होता.

रेघा कशा आखल्या, हेही पाहण्यासारखं आहे. आधी काही हद्दी प्रवाळाच्या कडेपासून अमुक अंतरावर अशा असत. भरती-ओहोटीत आणि गढूळ पाण्यात ती कड कुणाला दिसणार? नव्या नकाशात हद्दी अक्षांश-रेखांशांच्या सरळ रेघांवर बेतल्या. होडीतल्या जीपीएसवर नकाशा चढवला की आपण कुठल्या रंगात आहोत ते कळतं. 'साहेब, हद्द दिसली नाही' ही सबब त्यामुळे लंगडी पडली.

एकेक हिरवा तुकडा सुटा राखण्यापेक्षा त्यांची साखळी का हवी, याचं उत्तर दक्षिणेकडच्या केपल बेटांजवळ मिळालं. तिथे कोरल ट्राउट मिळतो. हा आपल्या गोबऱ्याच्या कुळातला मासा. त्याची पिल्लं जन्मल्यावर प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि मिळेल त्या प्रवाळावर मुक्काम करतात. शास्त्रज्ञांनी हा मासा आणि दुसरा एक मासा निवडून मोठ्यांच्या आणि पिल्लांच्या डीएनएची जुळणी केली. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. राखीव भाग होता तिथल्या प्रवाळाच्या जेमतेम २८ टक्के, पण ३० किलोमीटरच्या टापूत नव्याने वसलेल्या पिल्लांपैकी निम्म्याच्या आसपास त्या राखीव भागातल्या आईबापांची होती. बरीचशी पिल्लं हद्द ओलांडून मासेमारीच्या पाण्यात गेलेली. मच्छीमाराला पटेल असा याहून चांगला युक्तिवाद मला तरी माहीत नाही.

पण तो आठ वर्षं उशिरा आला. २००४ मध्ये मच्छीमार चिडलेच होते. परवाने परत घेण्यासाठी आणि भरपाईसाठी सरकारला अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पैसा मोजावा लागला. आपल्याकडे मालवणच्या सागरी अभयारण्याची अधिसूचना १९८७ ची आहे. स्थानिक मच्छीमारांचा विरोध मात्र वर्षानुवर्षं चालत राहिला. रेघ आधी आणि बोलणं नंतर, असं झालं की हेच होतं.

खरं तर बोलायला हवं होतं त्यांतले सर्वांत जुने लोक नकाशात फार उशिरा आले. या किनाऱ्यावर ॲबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या मूळनिवासींचे सुमारे ७० गट आहेत. त्यांना तिथे 'पारंपरिक मालक' म्हणतात. त्यांच्या दृष्टीने किनारा आणि समुद्र असे दोन वेगळे मुलूख नाहीत. १९९३ च्या नेटिव्ह टायटल कायद्याने, घरच्या आणि समाजाच्या गरजेपुरती, विक्रीसाठी नसलेली शिकार करण्याचा त्यांचा हक्क मान्य केला आहे. त्यात हिरवं कासव आणि डुगाँग हा सागरी गवत खाणारा सस्तन प्राणीही येतो. दोन्ही संकटात आलेले. सरकारने बंदी घातली तर हक्क तुडवला जातो, आणि काहीच केलं नाही तर प्राणी जातात.

यावर निघालेली वाट म्हणजे सागरी संसाधनांच्या पारंपरिक वापराचा करार. तो ऐच्छिक आहे. सुरुवात गटाने करायची. घराघरांतली वडीलधारी मंडळी बसतात आणि आपलं पाणी कुठपर्यंत, कोणते प्राणी, किती, कुठल्या हंगामात, कोणी मारायचे हे ठरवतात. मसुदा झाला की प्राधिकरण आणि क्वीन्सलँड सरकार दोघेही तो तपासून मान्यता देतात. कराराला मुदत असते. संपली की पुन्हा बसायचं. पहिला करार २००५ मध्ये गिरिंगुन गटांचा झाला.

केपल बेटांचे वोप्पाबुरा लोक २००७ मध्ये करारात आले. त्यांची गोष्ट वेगळी आहे. १९०२ साली उरल्यासुरल्या वोप्पाबुरांना बेटांवरून जबरदस्तीने हलवण्यात आलं आणि पुढच्या पिढ्या मुख्य भूमीवर विखुरल्या. शिकारीचा हक्क कायद्याने असूनही त्यांनी करारात कासव आणि डुगाँग न मारण्याचं ठरवलं. आपल्या पाण्याची देखभाल, पूर्वजांच्या जागांची नोंद आणि तरुणांना बेटांवर पुन्हा नेणं यांवर त्यांचा भर राहिला. ज्या केपल बेटांवर डीएनएचा अभ्यास झाला, ती हीच.

करारांबरोबर नोकऱ्याही आल्या. मूळनिवासी रेंजर होडीने फिरतात, कासवांना खुणा लावतात, सागरी गवत मोजतात, बेकायदा मासेमारी दिसली तर कळवतात. काहींनी कायदा अंमलबजावणीचं शिक्षणही घेतलंय. एखाद्या तरुणाने ठरल्यापेक्षा जास्त कासवं मारली तर शहरातून आलेल्या साहेबाच्या दंडापेक्षा घरच्या आजोबांचं बोलणं जास्त लागतं, हे या व्यवस्थेचं बळ. कमजोरी म्हणजे पैसा: प्रकल्पाचा निधी ठरावीक वर्षांचा, पुढचा हप्ता येईपर्यंत रेंजर टिकेलच असं नाही.

आणि काही गोष्टी कुठल्याच रंगात मावत नाहीत. २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ अशी उष्ण पाण्याने प्रवाळं पांढरी पडण्याची साथ पुन्हा पुन्हा आली. हिरव्या पट्ट्याने ती अडवली नाही. उत्तरेच्या टोकाला रेन बेटावर हिरवी कासवं जगात सर्वाधिक संख्येने अंडी घालतात. कासवाचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं. २०१८ च्या एका अभ्यासात या उत्तरेकडच्या कासवांची पिल्लं ९९ टक्के माद्या निघाली. रेन बेटावर वुथाथी आणि मेरियम लोकांना बरोबर घेऊन वाळूची उंची वाढवली गेली, म्हणजे भरतीचं पाणी अंड्यांत शिरणार नाही. पण त्याने वाळू थंड होत नाही. किती कासवं मारायची याचा हिशोब मांडणाऱ्या वडीलधाऱ्यांना आता नर किती उरलेत, हेही धरावं लागणार आहे.