विश्लेषण : परसातल्या पहिल्या दहा कोंबड्या टिकवायच्या कशा?

भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी-मळणी उरकली, की घराघरांत तूस, कोंडा आणि कणी मुबलक होते. परसात दहा-बारा कोंबड्या पाळाव्यात, लेकरांना घरची अंडी मिळावीत आणि उरलेली विकून घरातल्या बाईच्या हाती चार पैसे यावेत, असा विचार याच दिवसांत अनेक घरांत होतो. पिले आणलीही जातात. मात्र काही मुंगूस-मांजर नेते, काही गारठ्याने जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर साथ आली, की उरलेले खुराडे चार दिवसांत रिकामे होते. ‘जात कोणती घ्यावी?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. परसातला कळप टिकतो तो मात्र दोन गोष्टींवर: रात्रीचा पक्का निवारा आणि वेळेवर दिलेली लस.

सुरुवात कधी आणि किती पक्ष्यांनी?

पहिल्यांदा पाळणाऱ्याने दहा-बारा पक्ष्यांच्या पुढे जाऊ नये. एवढ्या पक्ष्यांना घरातले उष्टे-खरकटे आणि परसातले किडे-गवत यांचा मोठा आधार होतो, शिवाय प्रत्येक पक्ष्यावर नजर राहते. पाऊस ओसरल्यानंतरचा, दसरा-दिवाळीचा काळ सुरुवातीला सोयीचा. पावसाळ्यात ओल आणि जंत यांचा त्रास, तर एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो. दिवाळीच्या सुमारास आणलेली पिले उन्हाळा लागेपर्यंत मोठी झालेली असतात.

कोणती जात परवडते?

गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. पण ती काटक असते, खुडूक होऊन अंड्यांवर बसते आणि पिले सांभाळते. सुधारित जातींपैकी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराज आणि ग्रामप्रिया, तसेच बंगळूरु कृषी विद्यापीठाची गिरिराज या जाती परसासाठीच तयार झाल्या आहेत. वनराज अंडी आणि मांस दोन्हींसाठी चालते, ग्रामप्रिया अंड्यांसाठी सरस. चांगल्या देखभालीत त्या गावरानपेक्षा दीडपट-दुपटीहून अधिक अंडी देतात.

दोन गोष्टी मात्र आधीच कळायला हव्यात. सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. आणि त्या संकरित असल्याने त्यांच्याच अंड्यांतून घरी काढलेल्या पिलांत तेच गुण उतरत नाहीत. म्हणून दर वेळी नवी पिले खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावी लागतात. कळपात एक-दोन गावरान कोंबड्या ठेवल्या, तर एकीखाली दहा-बारा अंडी ठेवून २१ दिवसांत घरच्या घरी पिले मिळतात.

मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याची चर्चा वाढली. ‘पक्षी घ्या, अंडी आम्हीच जादा दराने परत घेऊ’ अशा आश्वासनांवर पैसे गुंतवलेल्या शेतकऱ्यांची फसवणूक झाल्याचे प्रकरण २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात गाजले. आपल्या गावात आणि आठवडी बाजारात जे खपते, तेच पहिल्या कळपासाठी योग्य.

पिले घ्यावीत की तलंगा?

एक दिवसाची पिले स्वस्त मिळतात, पण पहिले चार आठवडे त्यांना कृत्रिम ऊब द्यावी लागते. आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगा महाग पडतात, पण नाजूक काळ त्यांनी ओलांडलेला असतो. नवख्याने तलंगांपासून सुरुवात केलेली बरी. घेताना कोणत्या लसी कधी दिल्या, याची नोंद मागून घ्यावी.

खुराडे कसे हवे?

खुराडे पक्ष्यांच्या आधी तयार हवे. मोठ्या पक्ष्याला रात्रीसाठी दीड ते दोन चौरस फूट जागा लागते, म्हणजे बारा पक्ष्यांना सहा फूट लांब आणि चार फूट रुंद खुराडे पुरते. ते जमिनीपासून दोन फूट उंच खांबांवर असावे. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, की ऊन थेट आत येत नाही. जाळी बारीक आणि मजबूत हवी. मोठ्या छिद्रांतून मुंगूस आणि साप सहज शिरतात. कोका अभयारण्यालगतच्या किंवा पवनी तालुक्यातल्या जंगलाजवळच्या गावांत रानमांजर आणि बिबट्याचीही भीती असते. तिथे दाराला नुसती दोरी न बांधता कडी घालावी.

खाली तीन-चार इंच धानाचे तूस पसरावे. ते ओले झाले की त्या दिवशीच बदलावे. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला एक खोके पुरे. कोंबड्या दिवसभर मोकळ्या आणि दिवेलागणीला मोजून आत, ही सवय पहिल्याच आठवड्यात लावावी.

पिलांची ऊब कशी ओळखायची?

पहिल्या आठवड्यात पिलांजवळ साधारण ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. पुढे दर आठवड्याला ते सुमारे तीन अंशांनी कमी करत न्यावे. पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे दीड फूट उंच गोल कडे करून मध्ये पिवळा बल्ब टांगावा. एका पिलामागे साधारण दोन वॉट, हा अंदाज. थर्मामीटर नसला तरी पिले स्वतःच सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील, तर थंडी वाजते आहे. लांब जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील, तर उष्णता जास्त आहे. एकाच बाजूला दाटली असतील, तर दुसरीकडून वारा येतो आहे. सगळीकडे पसरून खात-पीत असतील, तर सारे ठीक.

रात्री वीज जाणार हे धरूनच तयारी ठेवावी. शेगडी ठेवायची झाल्यास तिच्याभोवती जाळी हवी आणि खोलीत हवा खेळती हवी. बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा वायू पिलांना आणि माणसांनाही घातक ठरतो.

फक्त कणी-कोंडा पुरतो का?

पुरत नाही. कणी आणि कोंड्यातून ताकद मिळते, पण अंड्यासाठी प्रथिने आणि कॅल्शियम लागते. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला त्यातले बरेचसे किडे, वाळवी, गवत यांतून मिळते. उरलेल्यासाठी सकाळ-संध्याकाळ कणीत सोयाबीन किंवा शेंगदाण्याची पेंड मिसळून द्यावी, सोबत शिंपल्यांचा चुरा ठेवावा. घराजवळ पाण्याचे छोटे टाके असेल, तर अझोलाही लावता येतो. पिलांना मात्र पहिले दोन महिने पिलांचेच तयार खाद्य द्यावे. बुरशी लागलेले धान्य कोंबड्यांपुढे टाकू नये. त्यातल्या विषाने पक्षी दगावतात.

लस का चुकते?

परसातल्या कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू मानमोडी, म्हणजे राणीखेत. हा रोग झाल्यावर औषध नाही, आधी दिलेली लस हाच उपाय. पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा एक थेंब, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरोची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या आठवड्यात राणीखेतची आर-टू-बी ही टोचायची लस, असा साधारण क्रम असतो. नेमके वेळापत्रक पशुवैद्यकीय अधिकारी ठरवून देतात.

अडचण कुपीची आहे. एक कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांसाठी असते. ती बर्फावर ठेवावी लागते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार, म्हणून लस राहून जाते. शिवाय एका घराने लस दिली आणि शेजारच्यांनी दिली नाही, तर रोग मोहल्ल्यातच राहतो. कोंबड्या कुंपण मानत नाहीत. यावर उपाय एकच: दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवावा, सकाळी कोंबड्या सोडण्याआधी सगळ्यांचे लसीकरण उरकावे आणि कुपीचा खर्च वाटून घ्यावा. महिला बचत गट हे काम सहज करू शकतात. ‘उमेद’ अभियानाच्या पशुसखी असलेल्या गावात त्यांची मदत घ्यावी.

मर लागली तर?

बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवावी. एकाएकी बरेच पक्षी मरू लागले, तर उरलेले घाईने विकू किंवा कापू नयेत आणि मेलेले नाल्यात टाकू नयेत. रोग असाच गावोगाव जातो. देशात कोंबड्यांमधील बर्ड फ्लूची पहिली साथ २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात आढळली होती. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कळवावे.

मदत कुठे मिळते?

पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत २५ तलंगा आणि तीन नर किंवा एक दिवसाची १०० पिले असा गट ५० टक्के अनुदानावर दिला जातो. यंदा अर्ज कधी सुरू होणार, हे पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे कळते. साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात सल्ला घेता येतो. मात्र निवारा आणि दाणा यांची सोय नसताना केवळ अनुदान आहे म्हणून शंभर पिले घेणे जोखमीचे.

हिशेब कसा मांडावा?

दहा सुधारित कोंबड्यांनी वर्षाला प्रत्येकी १२० अंडी दिली, तर महिन्याला सरासरी १०० अंडी होतात. चार माणसांच्या घरात रोज दोन खाल्ली, तरी ४० विकायला उरतात. एका वहीत अंडी, दाण्याचा खर्च, मेलेले पक्षी आणि लसीची तारीख लिहीत गेल्यास वर्षाअखेरीस कळप वाढवायचा की नाही, हे ती वहीच सांगेल. लसीच्या रकान्यात एकही तारीख चुकली नसेल, तरच दहाच्या वीस कराव्यात.