पोषणपूरके आणि वार्धक्यातील आकलनक्षमता

स्मरणशक्ती, एकाग्रता, भाषा आणि निर्णयशक्ती यांना एकत्रितपणे आकलनक्षमता म्हणतात. उतारवयात ती टिकवण्यासाठी जीवनसत्त्वे, ओमेगा-३ मेदाम्ले किंवा वनस्पतींचे अर्क गोळ्यांच्या स्वरूपात घेतले जातात. त्यांना पोषणपूरके म्हणतात. शरीरातील कमतरता भरून काढणे आणि कमतरता नसताना पूरके घेणे, या दोहोंचे परिणाम भिन्न असतात.

ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता

ब१२ हे चेतातंतूंवरील मायलिन आवरणासाठी आवश्यक असून नैसर्गिकरीत्या मुख्यतः प्राणिज पदार्थांतून मिळते. उतारवयात जठरातील आम्ल कमी झाल्यास अन्नातील ब१२ पुरेसे सुटे होत नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन व आम्लपित्तावरील ओमेप्रॅझोल दीर्घकाळ घेतल्यासही त्याचे शोषण घटते. पुणे परिसरातील ४४१ पुरुषांच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६७ टक्के जणांमध्ये ब१२ची पातळी कमी आढळली.

या कमतरतेमुळे विस्मरण, गोंधळलेपणा आणि हातापायांना मुंग्या येणे अशी लक्षणे दिसतात. वेळीच उपचार झाल्यास ती कमी होऊ शकतात. विलंबाने झालेली हानी मात्र कायमची ठरू शकते. केवळ फॉलिक आम्ल घेतल्यास रक्तक्षय सुधारतो, पण चेतातंतूंची हानी चालूच राहू शकते. म्हणून विस्मरणाच्या तपासणीत ब१२ची रक्तचाचणी समाविष्ट असते.

इतर पूरकांवरील संशोधन

अमेरिकेत ७५ वर्षे व त्यावरील ३,०६९ व्यक्तींवर जिन्को बायलोबाच्या अर्काची चाचणी झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यामुळे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण घटले नाही. ६५ वर्षे व त्यावरील ५,९४७ पुरुष डॉक्टरांना सुमारे १२ वर्षे बहुजीवनसत्त्वे देऊनही आकलनक्षमतेत फरक पडला नाही (२०१३). याउलट २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'कॉसमॉस-माइंड' या तीन वर्षांच्या चाचणीत बहुजीवनसत्त्वांचा अल्प लाभ दिसला. कोको अर्काचा दिसला नाही.

शिफारशी व सुरक्षितता

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करण्यासाठी ब व ई जीवनसत्त्वे, बहुअसंपृक्त मेदाम्ले किंवा मिश्र पूरके देऊ नयेत. त्याऐवजी शारीरिक व्यायाम, धूम्रपानत्याग आणि रक्तदाब व मधुमेहाचे नियंत्रण यांवर भर दिला आहे. ही सूचना निदान झालेल्या कमतरतेच्या उपचारास लागू नाही. जिन्को अथवा अधिक मात्रेतील ई जीवनसत्त्व वॉरफेरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. त्यामुळे चालू असलेल्या पूरकांची माहिती डॉक्टरांना देणे आवश्यक असते.