सरवा

सुगी आवरत आली की कोल्हापूर भागातल्या मंडळ्यांमध्ये कापणीचा सण येतो. त्या रविवारी चर्चमध्ये पाऊल टाकलं की आधी वास येतो, ओल्या उसाचा आणि नव्या भाताचा. समोर उसाची मोळी टेकवलेली असते. भाताच्या पेंढ्या, गुळाची ढेप, भोपळे, नारळ, वांग्यांच्या पाट्या आणि टोपलीखाली झाकलेली एखादी कोंबडीही असते. उपासना संपली की आवारात लिलाव होतो. तीस रुपयांचा नारळ तीनशेला जातो, कारण बोली लावणारा नारळ विकत घेत नसतो, दान देत असतो.

माझी आजी या सणाला भुईमुगाच्या शेंगा घेऊन जायची. रान आमचं नव्हतं. दुसऱ्याच्या रानातला भुईमूग उपटून झाला की मातीत अडकून राहिलेल्या शेंगा ती खुरप्यानं उकरून गोळा करायची. याला आमच्याकडे सरवा वेचणं म्हणतात. त्यातल्या चार मूठ शेंगा धुऊन, वाळवून ती देवापुढं ठेवायची. पुढं मराठी बायबल वाचताना रूथच्या पुस्तकात मला हाच शब्द भेटला. मवाब देशाची तरुण विधवा रूथ सासूबरोबर बेथलेहेमात येते आणि सातूच्या कापणीत परक्या रानात सरवा वेचते. हा शब्द भाषांतरकारांना कोशात शोधावा लागला नसेल. तो रानात होताच.

रूथला त्या रानात जाता आलं ते कायद्यामुळं. लेवीयच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेतकऱ्याला सांगितलं आहे की कापणी करताना रानाची कड कापून नेऊ नकोस, पडलेल्या लोंब्या वेचायला परत वळू नकोस, द्राक्षमळ्यातले गळलेले मणी गोळा करू नकोस. ते गरिबांसाठी आणि परदेशी माणसासाठी आहेत. अनुवाद नावाच्या पुस्तकात आणखी पुढं जाऊन सांगितलं आहे की रानात विसरलेली पेंढी आणायलासुद्धा माघारी जायचं नाही. यात भीक नाही. वेचणाऱ्यानं वाकायचं, घाम गाळायचा, स्वतःच्या हातानं गोळा करायचं. मालकानं फक्त आपला हात आवरायचा. बवाज हा मालक त्याही पुढं जातो. तो गड्यांना सांगतो की तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम थोडं ओढून टाका. संध्याकाळी रूथ एक एफा सातू घरी नेते, म्हणजे वीसेक लिटरचं माप. या परदेशी, भूमिहीन बाईचा पणतू म्हणजे दावीद राजा.

फलद्रूप होण्याविषयी बायबल काय म्हणतं, असं विचारलं की बहुतेक जण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातल्या आशीर्वादाकडं बोट दाखवतात: फळा, वाढा, पृथ्वी भरून टाका. मला वाटतं, तो आशीर्वाद दुसऱ्या अध्यायाशिवाय वाचू नये. तिथं देव स्वतः बाग लावतो आणि कुंभारानं चिखल मळावा तसा मातीतून माणूस घडवतो. हिब्रूत माणूस ‘आदाम’ आणि माती ‘अदामा’, दोन्ही शब्द एकाच घरातले. या माणसाला बागेत ठेवलं जातं ते दोन कामांसाठी. पहिल्या कामाचं क्रियापद ‘आबाद’: मशागत करणं. सेवा करणं आणि उपासना करणं यांसाठीही हिब्रूत हेच क्रियापद येतं. दुसरं ‘शामार’, म्हणजे राखण करणं. उभ्या पिकाच्या राखणीला रात्री रानात जाणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

हे सगळं शापाच्या आधी घडतं. घाम, काटे आणि कुसळं तिसऱ्या अध्यायात येतात. काम आधीचं आहे, कष्टाचा जाच नंतरचा. मेसोपोटेमियातल्या अत्राहासिसच्या जुन्या कथेत धाकटे देव कालवे खणून थकतात, बंड करतात, आणि मग त्यांचं ओझं वाहायला माणूस निर्माण होतो. उत्पत्तीच्या पुस्तकात देव स्वतः सहा दिवस काम करतो आणि माणसाला आपल्या कामात हाताशी घेतो. हातानं काम करणाऱ्याला खालच्या पायरीवर बसवणाऱ्या समाजात हा फरक फार मोठा ठरतो.

कोल्हापुरात ही पायरी कातड्याच्या कामातून दिसते. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावणारे, ते कापून चप्पल बांधणारे हात पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले गेले. चप्पल उंबऱ्यापर्यंत आली, माणूस आला नाही. प्रेषितांची कृत्ये या लूकच्या पुस्तकात मात्र पेत्र यापो शहरात मुक्कामाला उतरतो तो शिमोन नावाच्या चांभाराकडं, कातडं कमावणाऱ्याकडं. घर समुद्राकाठी आहे. मेलेल्या जनावराशी रोजचा संबंध असल्यानं यहुदी समाजात हा धंदा हलका धरला जाई. कुठलाही प्राणी किंवा माणूस अपवित्र म्हणू नये, हा दृष्टान्त पेत्राला याच घराच्या धाब्यावर होतो. लूकनं मुक्कामाचा हा पत्ता दोन-तीनदा लिहिला आहे. तो सहज लिहिला असेल असं मला वाटत नाही. पौलही करिंथ शहरात अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू शिवून पोट भरत होता. येशूला नासरेथकर ओळखत होते ते सुतार म्हणून.

या भागात हे शास्त्र कुणी आणलं, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या व्हरमाँटचे रॉयल गूल्ड वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च आजही शहरात आहे. त्यांच्या मुलाचा, रॉबर्टचा जन्म 1863 मध्ये कोल्हापुरातलाच. पुढं अमेरिकेतल्या विद्यार्थी मिशनरी चळवळीत त्याचं नाव मोठं झालं. वाइल्डर यांचा आपल्याच संस्थेच्या धुरिणांशी वाद झाला तो शाळांवरून. बोस्टनहून आलेल्या पाहणी मंडळाचं मत होतं की शाळांवरचा भर कमी करून उपदेशावर द्यावा. वाइल्डर शाळांच्या बाजूनं उभे राहिले आणि 1861 मध्ये त्यांनी मिशन शाळांवर एक पुस्तकच लिहिलं. त्या वादाच्या मुळाशी फळ कशात मोजायचं हा प्रश्न होता: बाप्तिस्म्यांच्या आकड्यात, की पाटी-पेन्सिल हातात घेतलेल्या मुलांत? पुढं काही वर्षं त्यांनी स्वतंत्रपणे काम चालवलं, आणि 1870 मध्ये ते प्रेसबिटेरियन मिशनकडं गेलं. त्याच परंपरेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिरजेचं रुग्णालय 1894 मध्ये उभं राहिलं. सांगलीला मिशनची औद्योगिक आणि शेतकी शाळा निघाली. अलाहाबादेत याच मिशनच्या सॅम हिगिनबॉटम यांनी शेतकी संस्था काढली आणि 1921 मध्ये पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच शुभवर्तमान आणि नांगर शेजारी शेजारी आहेत.

बायबल मराठीत आणण्याचं कामही हातांचं होतं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या बायबलचं भाषांतर केलं. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या. त्याआधी ते काम त्यांनी पुरं केलं होतं. टाकलेल्या, दुष्काळातून वाचलेल्या मुली आणि बायका तिथल्या छापखान्यात खिळे जुळवत होत्या. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतचं एकेक अक्षर त्यांच्या बोटांखालून गेलं.

मराठी बायबलातल्या अनुवादाच्या पुस्तकात आणखी एक शब्द आपल्या खळ्यावरचा आहे: मुसकं. मळणीत फिरणाऱ्या बैलाला मुसकं घालू नये, अशी ती आज्ञा. खळ्यावर पात धरलेली बघितली असेल त्याला यातली अडचण कळेल. बैल चालता चालता कणसाला तोंड घालतो, चार घास जातात, आणि म्हणून मुसकं बांधतात. शास्त्र म्हणतं, जाऊ दे चार घास. पौलानं हाच नियम माणसांच्या मजुरीला लावला आहे. शब्बाथाच्या आज्ञेतही दास आणि दासी यांच्याबरोबर बैल आणि गाढव येतात. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, असंही अनुवादाचं पुस्तक सांगतं. याकोबाच्या पत्रात तर कापणी करणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरीच ओरडते, आणि ती ओरड देवाच्या कानी जाते.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर उसाचे फड येतात. दिवाळी झाली की बीड आणि मराठवाड्यातल्या इतर भागांतून टोळ्या येतात, रानाच्या कडेला पाचटाच्या खोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत हंगाम सरतो. पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते, गाडी भरायला रात्र होते. मासिक पाळीत किंवा आजारपणात खाडा पडला की दंड, म्हणून या टोळ्यांतल्या कितीतरी बायकांनी तरुण वयात गर्भाशय काढून टाकलं. 2019 मध्ये हा प्रकार वर्तमानपत्रांतून गाजला तेव्हा राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. शेताचं फळ आणि बाईच्या कुशीचं फळ एकमेकांसमोर उभं करणारी ही व्यवस्था. उत्पत्तीच्या आशीर्वादात माणूस आणि पृथ्वी एकत्र येतात. इथं एकाचं देणं दुसऱ्याच्या शरीरातून वसूल झालं. हे मला पाप वाटतं. याहून सौम्य शब्द मला वापरायचा नाही.

आणि कुशीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं. मूल नसलेल्या बाईला वांझ म्हणून सणावारी मागं ठेवणारी माणसं ख्रिस्ती घरांतही आहेत, हातात बायबल असूनही. त्यांनी यशयाचा छप्पन्नावा अध्याय वाचावा. ज्याला मूल होणं शक्य नाही अशा माणसानं स्वतःला वाळलेलं झाड म्हणू नये, असं तिथं देव सांगतो. मुला-मुलींपेक्षा चांगलं नाव त्याला आपल्या घरात देण्याचं वचनही देतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याचं फळ येतं: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि पुढचे गुण. ते नऊ आहेत, पण ग्रीकमध्ये ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे. एका घडाचे नऊ मणी म्हणा.

घडावरून तासगाव आठवतं. द्राक्षबागेत वर्षाला दोन छाटण्या: एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. खरड छाटणीनंतर बाग बघवत नाही, नुसते ओलांडे तारेवर उरतात. पण माल देणारी काडी त्याच छाटणीनंतर तयार होते. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू म्हणतो की फळ देणाऱ्या फाट्यालाच माळी छाटतो. तिथल्या ग्रीक क्रियापदाचे छाटणं आणि स्वच्छ करणं असे दोन्ही अर्थ होतात. लगेच पुढच्या वाक्यात शिष्यांना ‘तुम्ही स्वच्छ आहात’ म्हटलं आहे ते त्याच धातूवरून. तासगावच्या बागायतदाराला हा श्लेष उलगडून सांगायला पंडित लागत नाही.

शिरोळकडं गेलं की लेवीयचा पंचविसावा अध्याय आठवतो. सहा वर्षं पेरा, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या, त्या वर्षी आपोआप उगवेल ते मालकाचं, गड्याचं, परक्याचं आणि जनावराचंही. पुढच्याच अध्यायात इशारा आहे की न दिलेला विसावा जमीन एक दिवस स्वतः वसूल करते. पण इथल्या नदीकाठच्या काळ्या रानात वर्षानुवर्षं ऊस, त्याच्यामागं खोडवा, पाटानं सोडलेलं अमाप पाणी. पाणी वर आलं, मीठ वर आलं, रान पांढरं पडलं. ज्या मातीत सोनं पिकायचं तिथं बाभळी आणि लव्हाळा. क्षारपड हा शब्द इथं पोराबाळांनाही ठाऊक आहे. आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून खारं पाणी काढायचं काम चालू आहे; शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं त्यात पुढाकार घेतला, शेतकरी एकत्र आले आणि पडीक रानांत पुन्हा पीक उभं राहिलं.

लूकच्या तेराव्या अध्यायात अंजिराचं एक झाड आहे. मालक तीन वर्षं फळ बघायला येतो आणि शेवटी म्हणतो, तोडून टाक, उगीच जागा का अडवतंय? माळी म्हणतो, मालक, हे एक वर्ष राहू द्या. मी बुंध्याभोवती खणतो, खत घालतो.

मालक काय म्हणाला ते लूकनं लिहिलेलं नाही.