निष्क्रमण आणि पित्याचे निरीक्षण

चौथ्या महिन्यात बालकास घराबाहेर आणून देवदर्शन घडवावे, असा निष्क्रमण संस्कार काश्यपसंहितेत वर्णिला आहे. पंचवटीतील काळाराम मंदिरात असे दर्शन घडवून एक तरुण पिता आमच्या चिकित्सालयात आला. "डॉक्टर, समईच्या ज्योतीकडे ती टक लावून पाहते, मला पाहून हसते, पण आरतीची घंटा वाजली तरी दचकत नाही." घरची वडीलधारी मंडळी मात्र मुलगी शांत स्वभावाची आहे, असे म्हणत होती.

नवजात बालकास सुमारे २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरचा चेहरा दिसतो. सहा ते आठ आठवड्यांत ते हसून प्रतिसाद देते आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास आवाजाकडे मान वळवू लागते. खेळणी चित्रविचित्र व नाद करणारी असावीत, या चरकाचार्यांच्या उपदेशातही इंद्रियजागृतीचा विचार दिसतो. आम्ही पाठीमागून खुळखुळा वाजविला; मान वळली नाही. कर्णपूरणात कालक्षेप न करता त्याच दिवशी 'बेरा' तपासणीसाठी पाठविले. श्रवणदोष निश्चित झाला व सहावा महिना सरण्यापूर्वी श्रवणयंत्र बसले. उपचार या वयात सुरू झाल्यास भाषाविकासास मोठा लाभ होतो.

पुढे पित्याने सांगितले, "आता घंटा वाजली की ती दूध पिता पिता थांबते."

सुवर्णप्राशनासाठी येणाऱ्या प्रत्येक बालकाच्या माता-पित्यांस वैद्यबंधू-भगिनींनी एवढे अवश्य विचारावे : बाळ आवाजाकडे वळते काय?