नगरपरिषदेचा ठराव आणि वॉर्डातील दारूचे दुकान

वस्तीत दारूचे दुकान येणार अशी कुणकुण लागली की आपली पहिली धाव नगरसेवकाकडे जाते. निवेदन तयार होते, मोर्चा निघतो, नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत विषय येतो, दोन तास खडाजंगी होते आणि दुकानास विरोध करणारा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. महिन्याभराने दुकानाचे शटर उघडते. मग लोक म्हणतात, सगळे विकले गेले. कुठे ते खरे असेलही. परंतु पुष्कळदा जो निर्णय सभागृहाच्या हातातच नाही, तो आपण सभागृहाकडे मागितलेला असतो. म्हणून कोणाच्या हातात काय आहे, एवढेच प्रस्तुत लेखात समजावून सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

मादक पेये हा विषय भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीमध्ये येतो. अनुच्छेद 47 अन्वये, औषधी उपयोग वगळता मादक पेयांवर बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. आपल्या राज्यात यासाठी 1949 चा दारूबंदी अधिनियम आहे. नाव दारूबंदीचे, व्यवहार परवान्याचा! पिणाऱ्यालाही परवाना लागतो; 'परमिट रूम' हा शब्द त्यातूनच रूढ झाला.

पुढे 74 वी घटनादुरुस्ती झाली व ती 1 जून 1993 पासून अमलात आली. तिने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी 18 विषय सांगितले. पाणीपुरवठा, रस्ते, सार्वजनिक आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा, स्मशानभूमी, इतकेच काय कत्तलखान्यांचे नियमनही त्यात आहे. दारूचे परवाने मात्र त्यात नाहीत.

परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या यंत्रणेतून मिळतो आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी हे त्यातील महत्त्वाचे अधिकारी असतात. देशी दारूच्या किरकोळ दुकानाला सीएल-3, वाइन शॉपला एफएल-2, परमिट रूमला एफएल-3 आणि बिअर शॉपीला एफएलबीआर-2 अशी परवान्यांची नावे आहेत. तक्रार अर्जात 'दारूचे दुकान' असे मोघम लिहिण्याऐवजी परवान्याचा हा प्रकार लिहावा, कारण प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1973 नंतर राज्याने वाइन शॉपचे नवे परवाने देणे थांबविले. त्यामुळे वस्तीत 'नवे' वाइन शॉप येते ते बहुधा दुसरीकडचा जुना परवाना स्थलांतरित होऊन. हरकत घ्यायची ती या स्थलांतराच्या प्रकरणात, आणि तीही मंजुरीपूर्वी.

मग नगरपरिषदेने काय हात बांधून बसावे? मुळीच नाही. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार रस्ते, दिवाबत्ती, सफाई, गटारे व उपद्रव दूर करणे ही तिची कर्तव्ये आहेत. दुकानाच्या गाळ्याचे बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे काय, निवासी जागेचा वापर बदलला आहे काय, पदपथावर अतिक्रमण झाले आहे काय, कोपऱ्यावरचा दिवा महिनोन्महिने बंद का आहे, हे प्रश्न पूर्णपणे तिच्या अखत्यारीत येतात. शाळा व प्रार्थनास्थळापासूनच्या अंतराची अट परवान्याच्या नियमांत आहे. त्या मोजणीवर वाद झाला तर नगरपरिषदेचा नकाशा उपयोगी पडतो. सभागृह अधिकाराबाहेर गेले तर जिल्हाधिकारी ठराव तहकूब करू शकतात. यास्तव 'दुकान बंद करण्यात येत आहे' या पोकळ ठरावापेक्षा 'या गाळ्याची तपासणी करून मुख्याधिकाऱ्यांनी पुढील सभेत अहवाल ठेवावा' हा ठराव कितीतरी वजनदार ठरतो.

पालिकेचा कारभार आणि दारू यांची गाठ कशी पडते, याचे बोलके उदाहरण 2017 सालचे आहे. राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2016 रोजी दिला. 31 मार्च 2017 रोजी 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर 220 मीटर करण्यात आले. लगेच शहरातून जाणारे रस्ते 'महामार्ग' या वर्गातून काढून स्थानिक संस्थांच्या नावे करण्याची धडपड सुरू झाली. जळगाव, लातूर, यवतमाळ येथील रस्त्यांबाबत त्या वेळी असे निर्णय झाले. रस्ता पालिकेचा झाला की महामार्गाची अट सुटते. पण त्याचबरोबर खड्डे बुजविण्याचा खर्चही पालिकेच्या अंदाजपत्रकात येतो. दारूवरील उत्पादन शुल्क राज्याच्या तिजोरीत आणि डांबराचे बिल घरपट्टी भरणाऱ्याच्या माथी, असा हा हिशेब! पुढे 11 जुलै 2017 रोजी, पालिका हद्दीतील परवानाधारकांना हा निकाल आडवा येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. खर्चाचा प्रश्न मात्र त्या आदेशाने सुटत नव्हता. विषयपत्रिकेवर 'रस्ता हस्तांतरण' एवढेच दोन शब्द असतात. त्यांचा अर्थ वाचता आला पाहिजे.

आता खऱ्या अधिकाराकडे वळू. 2008 च्या शासन आदेशाने गावातील अथवा वॉर्डातील मतदारांना मतदानाने दुकान बंद करण्याचा मार्ग मिळाला. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. आधी किमान 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांची मागणी, मग सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. आणि यशासाठी एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक मते आडव्या बाटलीला हवीत, अशी ती पद्धत होती.

समजा वॉर्डात 1,200 महिला मतदार आहेत. सह्या 300 हव्यात आणि आडव्या बाटलीला 601 मते. मतदानाला 700 महिला आल्या व त्यांतील 580 जणींनी बाटली आडवी केली, तरीही दुकान चालूच! घरी राहिलेली प्रत्येक भगिनी नकळत दुकानाच्या बाजूने मोजली जाते. मार्च 2025 मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत सांगितले की, पालिका वॉर्डात झालेल्या मतदानापैकी 75 टक्के मते बंदीच्या बाजूने पडल्यास दुकान बंद होईल. या हिशेबाने वरच्या उदाहरणात 525 मते पुरतात आणि निकाल उलटा लागतो. म्हणून सह्या गोळा करण्यापूर्वी उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयातून त्या वेळी लागू असलेला नियम लेखी घ्यावा.

सह्यांच्या बाबतीत आम्हा बँकेतील माणसांचा अनुभव सांगतो. सही जुळली नाही तर धनादेश परत जातो. देणाऱ्याची तळमळ काउंटरवर चालत नाही. येथेही तसेच आहे. मतदार यादीतील अनुक्रमांक, यादीप्रमाणे नाव, एकीची एकच सही. अंगठा असेल तर साक्षीदाराचे नाव. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत राहिले असेल तर तिची सही बाद होते. आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी संध्याकाळचा एक तास देऊन यादी तपासली, तर अर्धे काम फत्ते होईल.

पंचशीलातील पाचवे शील प्रत्येकाने स्वतःपुरते पाळायचे आहे. ते कोणतीही पालिका आपल्या वतीने पाळणार नाही. परंतु मजुरीचे पैसे घरी पोहोचण्याआधी वाटेतच संपतात आणि क्लासहून परतणाऱ्या मुली तो रस्ता टाळतात, तेव्हा प्रश्न एकट्याचा राहत नाही.

डिसेंबर 2025 मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि दीर्घकाळच्या प्रशासक राजवटीनंतर सभागृहे पुन्हा भरली. त्यांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्या भगिनींना विषयपत्रिका वाचण्यास, लेखी प्रश्न तयार करण्यास व इतिवृत्ताची नक्कल मागण्यास साह्य करणे हे आपल्या संस्थेचे काम आहे. येत्या वर्षात प्रत्येक शाखेने आपल्या वॉर्डाची मतदार यादी आणून ती विहारात एकत्र बसून वाचावी. सुरुवात तेथूनच करावी, अशी आमची सर्व सभासदांना नम्र सूचना आहे.